अर्थिंगच्या खड्ड्यावर नाव कुणाचं?

जिल्हा परिषद शाळा, ता. खानापूर, जि. सांगली. संगणक खोलीच्या नोंदी. लिहिणारी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष. मुलगी चौथीत, नोकरी विट्यात एका पतसंस्थेत हिशेबनीस.

१६ जून २०२५, सोमवार

शाळा उघडली. पहिलीला ९ नवे दाखले, एकूण पट ६८. नव्या पोरांना फुलं देऊन झाल्यावर मोठ्या गुरुजींनी मागच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "वहिनी, अध्यक्ष झालायसा तर हे पण बघून घ्या."

आत ५ जुने संगणक, १ प्रोजेक्टर, ६ टॅब. टॅब लॉकडाऊनच्या काळातले. कुणीतरी कपाटात ठेवले आणि चार्ज करायचे राहिले, ते राहिलेच. चार टॅबची पाठ पुरीसारखी फुगली आहे. लिथियमची बॅटरी पूर्ण उतरून तशीच पडली की मरते. सुट्टीत निम्मी भरून ठेवायची असते. हे कुणी सांगितलं नव्हतं, की सांगितलं होतं आणि सांगणाऱ्याची बदली झाली, कोण जाणे.

प्रत्येक वस्तूवर देणाऱ्याचं नाव आहे, चांगलं पितळी पट्टीवर. विजेचं मीटर मात्र बेवारस. पुरवठा फेब्रुवारीपासून बंद, थकबाकी ९,३४०. चूक आमची गावाचीच. आमच्याएवढ्या पटाच्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान २५,०००, त्यातलं १० टक्के स्वच्छतेला. उरलेल्यात खडू, झेरॉक्स, रंग, गळकी कौलं आणि बिल.

२२ जून, रविवार

आयटीआयला जाणारा पुतण्या आला. रॅमच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या, तारखेची वाटाणा-सेल बदलली. पाचाचे दोन झाले. बाकी तिघांच्या बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेले. पोरगं म्हणालं, "काकू, चालू झालेत, पण चालवायचं काय यावर?" हे दोन ऑफिसच्या कामाला गुरुजींना दिले.

२९ जून, रविवार

काल आणि आज एक गंमत करून बघितली. हिशेबाच्या माणसाने अशी गंमत करू नये खरं तर. काल खालच्या आळीत फिरले आणि सांगितलं, शाळेचं वीजबिल थकलंय. २३ घरं, जमा १,१२०. आज वरच्या आळीत सांगितलं, पोरांना लॅपटॉप घ्यायचेत. १९ घरं, जमा ९,७५०, शिवाय दोन घरी चहा आणि एका घरी पोहे.

खालची आळी गरीब आणि वरची बागायतदार असं असतं तर प्रश्न मिटला असता. उलट आहे. टेंभू सिंचन योजनेचं पाणी आधी खालच्या आळीच्या शिवारात आलं, द्राक्षं तिथे आहेत.

थकबाकीचे उरलेले ८,२२० चार शिक्षकांनी वाटून घेतले, माणशी २,०५५. मी नको म्हणाले. धाकट्या बाई म्हणाल्या, "पंखा आम्हालाच लागतो." मीटर दुकानाच्या दराने चालू होतं असंही आज कळलं. सरकारी शाळांची वर्गवारी वेगळी असते, पण ती मिळावी म्हणून अर्ज करावा लागतो आणि तो कुणी केलाच नव्हता. केला. पोच फाइलला.

अंदाज मांडला:
लॅपटॉप ८, जुने पण दुरुस्त केलेले, १४,५०० प्रमाणे १,१६,०००. त्रेचाळीस इंची टीव्ही २५,६००. इन्व्हर्टर-बॅटरी २२,०००. वायरिंग १८,०००. एकूण १,८१,६००.

खाली दुसरी ओळ लिहिली, ती बैठकीत कुणी वाचली नाही: वर्षाचं बिल ८,४००, दुरुस्ती ६,०००, शिकवणाऱ्या माणसाचं मानधन ३०,०००. पुन्हा वाचून दाखवली. तेवढ्यात चहा आला.

६ जुलै, रविवार

आषाढी. आज कुणाकडे पैसे मागायचे नाहीत असं ठरलं होतं. साबुदाणा खाल्ला.

२० जुलै, रविवार

गलाईवाल्यांची ऑनलाइन बैठक. वेळ रात्री साडेनऊ, कारण त्याआधी कुणाचं दुकान बंद होत नाही.

बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. आमच्या खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून माणसं पिढ्यान् पिढ्या सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर गेली. सराफाच्या दुकानातली मोड, कानस मारताना पडलेली धूळ, सगळं गाळून शुद्ध धातू काढून द्यायचा. केरळात, तमिळनाडूत, उत्तरेत, जिथे सराफ कट्टा तिथे आमच्याकडचं कुणीतरी सापडतंच. गावातलं देऊळ, कमान, यात्रेतलं कुस्त्यांचं मैदान, सगळ्याला पैसा तिकडून येतो. म्हणजे आमच्या गावात पैशाची ददात नाही. पैसा कशावर पडतो, एवढाच सवाल.

३१ जण जोडले गेले. निम्म्यांचा आवाज बंद, एकाच्या मागे भट्टीचा पंखा घुमत होता. गुरुजींनी आकडे वाचले. राष्ट्रीय नमुना पाहणीत २०१७-१८ ला ग्रामीण भागात संगणक असलेली घरं १०० त ४.४, शहरात २३.४. मग ग्रामीण शिक्षणाच्या 'असर' पाहणीतलं, २०२४ चं: १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांत ८२ टक्के स्मार्टफोन वापरू शकतात, आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरलेले ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी ७६.

कोइमतूरच्या भाऊजींनी मधेच विचारलं, "म्हणजे फोन हाय सगळ्यांकडं. मग कमी काय हाय वहिनी?"

चांगला प्रश्न. मी म्हटलं, फोनवर बोट सरकवता येतं, पण अर्ज लिहिता येत नाही. शेजारच्या गावची बारावी झालेली पोर आमच्या पतसंस्थेत मुलाखतीला आली होती. रील करते, झकास करते. "एक पत्र टाइप कर" म्हटल्यावर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. माझ्या मुलीचं तसं होऊ नये, बाकी मला काही मोठं सांगायचं नाही.

नंतरचा पाऊण तास पाटीवर गेला. संगमरवरी की ग्रॅनाइट, नावं रकमेप्रमाणे की वयाप्रमाणे. एकाने विचारलं, ८० जी, म्हणजे देणगीवरची करसवलत, मिळेल का. समितीकडे नाही, सांगून टाकलं. दुसऱ्याने एका कंपनीच्या सीएसआरचं, म्हणजे समाजकार्याच्या निधीचं, सुचवलं. नफ्याच्या २ टक्क्यांचा कायदा खरा आहे, पण पैसे घेणारी संस्था २०२१ पासून सीएसआर-१ खाली नोंदलेली लागते. आमची समिती शिक्षणहक्क कायद्याने तयार झालेली, पालकांची. ती संस्था नव्हे. तो विषय तिथेच संपला.

तोंडी कबूल १,४२,०००.

३१ जुलै, गुरुवार

प्रत्यक्ष जमा ६३,००४. वरचे चार रुपये म्हणजे चौघांचा शकुनाचा एकेक. उरलेल्यांना आठवण करायची ती गुरुजींनी नाही, मी करायची असं ठरलं. सुनेला नाही म्हणायला माणसं लाजतात.

पैसे फक्त समितीच्या बँक खात्यात, गुरुजींची आणि माझी जोडसही. रोख आली तर त्याच दिवशी पावती. गावात फिरून घेतलेलीही खात्यावर भरली. पावत्यांची यादी दर शनिवारी शाळेच्या फळ्यावर. गणेश मंडळांनासुद्धा वर्गणीआधी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क खाली परवानगी काढावी लागते. आपण पोरांच्या नावावर कच्चं काम करायचं नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

ग्रामसभा. पंधराव्या वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेलाच जातो, अबंधितातून गावाच्या गरजेचं करता येतं. त्यातून वायरिंगचे १८,००० मंजूर. सरपंचांनी दहा मिनिटांत केलं.

मग नाना उठले. "कडेगाव तालुक्यात मोहित्यांच्या वडगावात तीन वर्सं झाली, संध्याकाळी सातला भोंगा वाजतो. टीव्ही बंद, मोबाइल बंद, दीड तास पोरं अभ्यासाला. पेपरात आलंतं. त्यांनी सुरू केलं ते पण पंधरा ऑगस्टलाच. आणि तुम्ही आज हितं पोरांसाठनं टीव्ही आणताय?"

सभेत हशा. मला उत्तर सुचलं नाही, आणि अजूनही पुरतं सुचलेलं नाही. गुरुजी म्हणाले, तो बघायचा टीव्ही आणि हा शिकायचा. नाना म्हणाले, "काच तीच की."

सभा संपल्यावर ते पायरीवर बसले होते. जवळ गेले तर बळीराजा धरणाचं सांगत बसले. येरळा नदीची वाळू सरसकट उपसायला ठेकेदारांना विरोध केला आणि मोजकी वाळू स्वतः विकून त्या पैशात लोकांनी धरण बांधलं. नानांनी तिथे दगड वाहिलेत. म्हणाले, "पैसा गोळा झाला म्हंजे धरण झालं असं न्हवतं सूनबाई. दार कोण उघडणार, पाणी कुणाला किती, ह्याच्यावर रातरात बसलोय आम्ही. तुझ्या टीव्हीचं दार कोण उघडणार?"

वहीत माझी दुसरी ओळ होती, बिल आणि मानधनाची. ती नानांना दाखवली. गावात ती पूर्ण वाचणारा पहिला माणूस. चष्मा नव्हता, मीच वाचून दाखवली.

३ सप्टेंबर, बुधवार

गणपतीत दोन्ही मंडळांनी डॉल्बी रद्द करून ११,००१ प्रमाणे दिले. (विसर्जन शनिवारी आहे, डॉल्बी खरंच रद्द आहे का ते तेव्हा कळेल.) दोन्ही आळ्यांतून फिरून आजवर ३८,४५०.

एकूण ६३,००४ + २२,००२ + ३८,४५० = १,२३,४५६. असा आकडा आला की मी दोनदा बेरीज करते. बरोबर आहे.

४ सप्टेंबर, गुरुवार

टीव्ही आज घ्यायचा होता. काल रात्री जीएसटी परिषदेचा निर्णय आला: ३२ इंचांवरचे टीव्ही २२ सप्टेंबरपासून २८ ऐवजी १८ टक्क्यांत. आमचा टीव्ही कराशिवाय २०,००० चा. आज घेतला तर २५,६००, अठरा दिवस थांबलं तर २३,६००. दुकानदाराला फोन करून थांबवलं. तो हसला, म्हणाला सकाळपासून सगळे हेच म्हणताहेत. लॅपटॉपला १८ च होता आणि आहे, तिथे थांबण्यात अर्थ नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

पुण्याहून ८ लॅपटॉप आले. पेमेंट १,१६,०००, शिल्लक ७,४५६.

इतके स्वस्त कसे, असं बरेच जण विचारतात. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबरला संपतोय, आणि विंडोज ११ साधारण आठव्या पिढीच्या आधीच्या इंटेल प्रोसेसरवर अधिकृतपणे चढत नाही. त्यामुळे कंपन्या धडधाकट मशिनं काढून टाकताहेत. आमची सातव्या पिढीची आहेत. पुतण्याने सगळ्यांवर विंडोजऐवजी फुकट मिळणारं उबंटू टाकलं, मराठीत. एका लॅपटॉपला सर्व्हर केलं: त्यावर कोलिब्री हे धड्यांचं ॲप आणि किविक्स या ऑफलाइन वाचायच्या ॲपमधून मराठी विकिपीडिया. साध्या राउटरवरून बाकी सातांना इंटरनेटशिवाय मिळतं. डोंगराआड आमची रेंज कशी आहे ते ज्यांनी इथे फोन केलाय त्यांना माहीत आहे.

एक पालक नाराज. "विंडोज न्हाई तर कम्प्युटर कसला? एमएस-सीआयटीला चालंल का?" म्हटलं, तुमचा पोरगा तिसरीत आहे.

२३ सप्टेंबर, मंगळवार

काल घट बसले, आज टीव्ही आणला. २३,६००. मधल्या दिवसांत २९,००० आले, त्यात भाऊजींचे २१,०००, पाटीवर पहिलं नाव या अटीवर. शिल्लक १२,८५६.

२८ सप्टेंबर, रविवार

वायरिंग झालं. लॅपटॉप चार्जिंगला लावून धाकट्या बाईंनी हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. झिणझिण्या. वायरमनने तपासलं: शाळेला अर्थिंगच नाही. इमारत बांधली तेव्हा दोन ट्यूब आणि एक पंखा, कुणाला गरज वाटली नसणार. पंचायतीच्या मंजुरीत 'वायरिंग व सॉकेट' एवढंच लिहिलेलं.

ग्रुपवर टाकलं: अर्थिंगच्या सामानासाठी १,९०० हवेत. पाच तासांत २६ अंगठे, ११ जोडलेले हात, रुपये शून्य. टीव्हीच्या फोटोला याच ग्रुपवर "माझे अजून ५,००० लिहा" असं म्हणणारे होते. मी रागावून लिहिलं की अर्थिंगच्या खड्ड्यावर पाटी बसवू का? मग पुसलं. पण वाचायचं त्यांनी वाचलं होतं.

पैसे आमच्या घरून भरले. पावती क्र. ८७, जमा १,९००, खर्च १,९००. खड्डा नानांनी आणि त्यांच्या दोन जोडीदारांनी खणला. तिघांचं वय मिळून दोनशेच्या वर. पाइपभोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत राहायचं, नाहीतर माती सुकून अर्थिंग कमजोर होतं. ही जबाबदारी सातवीच्या मुलांकडे. फळ्यावर लिहिली.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. पाटीपूजनाबरोबर लॅपटॉपचीही पूजा झाली. मी पोचायच्या आत पहिलीच्या मुलांनी ८ पैकी ३ लॅपटॉप उघडून हळद-कुंकू आणि अक्षता कळपाटावरच (कीबोर्डवर) वाहिल्या होत्या. ब्रशने जमेल तेवढं काढलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल भाऊबीज, आज बैठक. गलाईवाले दिवाळीला आलेले, शाळेच्या पटांगणात ४० माणसं. सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलंय हे प्रत्येकाने एकदा सांगितलं, धंद्याला ते चांगलं की वाईट यावर मात्र एकमत झालं नाही.

पोरांनी टीव्हीवर येरळा नदीचा नकाशा दाखवला, टाळ्या झाल्या. इन्व्हर्टरसाठी ३१,००२ जमा. इन्व्हर्टर-बॅटरी घासाघीस करून २१,५०० ला मिळाली. शिल्लक २२,३५८.

मग मी दुसरी ओळ काढली. या वेळी चहा आधीच पाजला होता.

बिलाचा हिशेब असा मांडला: एक लॅपटॉप साधारण ४० वॉट. आठ मिळून ३२०. रोज दोन तास, महिन्याला २२ दिवस, म्हणजे १४ युनिट. आख्ख्या गावाची पोरं शिकवायला १४ युनिट! बिलात खरं वजन स्थिर आकाराचं आणि पंख्यांचं. महिन्याला ७०० धरा. मला वर्षाची वर्गणी नको, मला बारा घरं हवीत. एका घराने एक महिना घ्यायचा. त्या महिन्यात शाळेच्या दारातल्या फळ्यावर खडूने त्या घराचं नाव, खाली भरलेल्या बिलाची पावती चिकटवलेली.

कुणीतरी म्हणालं, खडूने? पुसून जाईल की. मी म्हटलं, म्हणूनच. पुढच्या वर्षी पुन्हा लिहायला मिळेल.

नऊ महिने पंधरा मिनिटांत गेले. श्रावण-भाद्रपद असे मराठी महिने धरावेत असाही आग्रह झाला. बिल इंग्रजी महिन्याने येतं म्हटलं तरी ऐकेनात. तेव्हा आक्का मागून म्हणाल्या, "मग येत्या साली अधिक ज्येष्ठ हाय. तेरावं बिल कोण भरणार? धोंड्याच्या महिन्यात जावयांस्नी वाण देऊन आमचं कंबरडं मोडतंय!" आणि स्वतःच पुढे, "जावयांकडनंच घ्या की तवा. दरसाल आम्हीच द्यायचं व्हय?"

पटांगण हसून लोळलं. गावात त्या क्षणी सात जावई हजर होते. मे महिना सातांनी मिळून घेतला. उरलेल्या दोनांतला ऑगस्ट नानांनी.

भाऊजी जाताना म्हणाले, "वहिनी, पाटीचं राहू द्या सध्या. डिसेंबर माझ्या नावावर टाका." २१,००० ची अट ७०० वर सुटली.

मानधनाला मात्र कुणी महिना घेतला नाही. गावात बीएस्सी संगणक झालेली एक सून आहे, पदरी दोन वर्षांचं मूल. आठवड्यातून तीन दिवस, दोन तास, २,५०० ला तयार आहे. शिल्लक २२,३५८. नऊ महिन्यांना १४२ कमी पडतात. दुरुस्तीचे ६,००० कुठल्या शिल्लकेतून, ते वहीत कोरं आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पहिला तास. सूनबाईंचं मूल आमच्या अंगणवाडीत बसलं, हे आधी सुचायला हवं होतं.

मराठी टंकन इनस्क्रिप्ट या कळांच्या मांडणीवर. मला वाटलं पोरांना जड जाईल. त्यांना बाराखडी येते, तेवढं पुरलं: क ला शिफ्ट धरला की ख, ग ला धरला की घ, च ला छ. चौथीतल्या एकाने विचारलं, "आन् ल ला?" दाबून बघितलं तर ळ. त्यानंतर वर्गात नुसतं कमळ, बाभळ, केळं, गूळ, काळी कुळकुळीत.

फोनवर बोलून टाइप करणाऱ्या मोठ्या पोरांना मात्र कंटाळा. सातवीतली दोन उठून गेली. पुढच्या तासाला आली, कारण मैदानावर सहावी होती.

९ डिसेंबर, मंगळवार

नवी वर्गवारी लागली. बिल ६४०. भाऊजींनी ७०० पाठवले. ६० परत करू का विचारलं तर रागावले. दुरुस्ती खात्यावर पहिली रक्कम: ६०.

१२ जानेवारी २०२६, सोमवार

जिजाऊ जयंती. मुलांनी भाषणं स्वतः टाइप केली, छापून भिंतीला लावली. मी वाचत गेले. एका कागदावर सगळीकडे 'सकाल', 'मावला', 'लाल महाल'. शेवटचं बरोबर होतं.

"ळ विसरलास?"

"न्हाई काकू. तीन नंबरवर ळ येत न्हाई."

पुतण्याला बोलावलं. डावी शिफ्ट उचलली तर खाली तांदळाचा एक दाणा, कुंकवासकट, रबराच्या टोपीत रुतलेला. टोपी फाटली आहे. कळपाट बदलायचं तर १,१००. दुरुस्ती खात्यात ६० आणि जानेवारीच्या बिलातून वाचलेले ४५. फळ्यावर लिहिलं: तीन नंबरवाल्यांनी उजवी शिफ्ट वापरावी.